आभाळातला धुरळा

कार्तिक सरत आला की आमच्या भागात शेवंतीच्या प्लॉटवर बल्ब लागतात. वाफ्यांवरून तारा ओढलेल्या असतात, तारांना बल्ब लोंबत असतात आणि अंधार पडला की एका बटणासरशी अख्खं रान उजळून निघतं. रात्र मोठी झालीय हे शेवंतीला कळलं की ती घाईने कळी धरते; म्हणून काही आठवडे तिला रात्र कळूच द्यायची नाही. मग झाड उंच वाढतं आणि फुलं चढ्या भावाच्या वेळेला येतात. शाळा सुटल्यावर शिरूरहून माहेरी निघाले की न्हावऱ्याच्या पुढे एसटीच्या खिडकीतून हे प्लॉट दिसू लागतात. नवखी माणसं मोबाईल काढून व्हिडिओ घेतात. परवा माझ्या शेजारची एक मुलगी फोनवर आईला सांगत होती, "मम्मी, हितं शेतात अजून दिवाळीच चाललीय बघ." दिसतंही सुंदर, नाही कशाला म्हणू? मी मात्र पदर कानावरून ओढून घेते आणि पलीकडच्या खिडकीकडे बघते. तिकडेही तेच असतं.

हे दुखणं कुणाला सांगण्यासारखं नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, बाईंना आता उजेडाचंही वावडं झालं. मी शाळेत भूगोल शिकवते. आपण एका आकाशगंगेत राहतो, असं दरवर्षी फळ्यावर पांढरा पट्टा काढून मुलांना सांगते. यंदा एका मुलीने हात वर केला. "बाई, तुम्ही बघितलीय का?" मी हो म्हणाले. "कुठनं?" तिने विचारलं आणि माझा खडू हातातच राहिला. उत्तर होतं, पण ते सांगायचं तर आप्पांपासून सुरुवात करावी लागली असती. मी पोरांना नकाशा भरायला लावला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

आप्पा म्हणजे माझे वडील. शिरूर आणि दौंडच्या मधे, भीमेच्या काठाला आमचं गाव. आप्पांचा उभा जन्म भाजीपाल्यात गेला. वांगी, गवार, कांदा, घेवडा. आता रान भाऊ बघतो, संतोष, आणि तो शेवंती करतो. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि ते दवाखान्याचं नाव काढू देत नव्हते. "हाय ते दिसतंय," एवढंच म्हणायचे. मग एका वर्षी दिवाळी झाली आणि त्यांनी आपणहून सांगितलं, "चला, काढून टाकू." आम्हाला आश्चर्य वाटलं, पण कारण विचारायच्या फंदात कुणी पडलं नाही. त्यांचं मन बदलायच्या आत आम्ही त्यांना शिरूरच्या दवाखान्यात नेऊन बसवलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा आप्पांनी भिंतीवरचा तक्ता थेट खालच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. डॉक्टरबाईंच्या टिकलीचा रंग सांगितला. माझ्याकडे नीट न्याहाळून बघितलं आणि म्हणाले, "शोभे, लई पिकलीस गं तू." मी केस रंगवायचे सोडले होते, दवाखान्यातले सगळे हसले, मीही हसले. डॉक्टरबाईंनी दुसऱ्या डोळ्याचंही लगेच करून घ्या म्हणून बजावलं. तो जास्त पिकत चालला होता. फार पिकला तर काढायला अवघड जातं, मग हाती काही लागेलच असं नाही, असं त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या.

काळा चष्मा काढायची परवानगी मिळाली त्या संध्याकाळी मी माहेरीच होते. दिवेलागणीनंतर आप्पा अंगणात गेले, मान वर करून उभे राहिले. बराच वेळ तसेच. मग त्यांनी डाव्या डोळ्यावर हात धरून बघितलं. आत आले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "डोळा न्हाई जमला."

"अहो आप्पा, सकाळी तर पेपर वाचलात!"

"दिवसाचं काय सांगती. मोटं मोटं कुणालाबी दिसतंय. बारीक दिसाया पायजे."

"मग आता काय नाही दिसलं?"

"धुरळा," आप्पा म्हणाले.

हा धुरळा म्हणजे आकाशगंगा. आमच्या घरातलाच शब्द, आप्पांनीच ठेवलेला. शेतीची लाईट रात्रीची असायची त्या काळात ते पाणी धरायला जायचे. सरी भरेपर्यंत बांधावर घोंगडी टाकून उताणे पडायचे. गाड्यांची रांग पुढे निघून जाते आणि मागे रस्त्यावर पांढरा धुरळा रेंगाळतो, तसं वरचं दिसायचं. लहानपणी त्यांच्याबरोबर बांधावर पडून मीही तो बघितला होता. पुढे आप्पांची नजर हळूहळू मंदावत गेली, आणि त्याच वर्षांत आमच्या भागात उजेड वाढत गेला. दोन्ही गोष्टी अशा हातात हात घालून झाल्या, की धुरळा दिसेनासा झाला तो मोतीबिंदूने, याबद्दल आप्पांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. डोळा साफ झाला की धुरळा परत दिसणार. ते ऑपरेशनला तयार झाले ते एवढ्यासाठीच, असं आईने मला त्या रात्री सांगितलं. वर म्हणाली, "म्हाताऱ्याला आभाळ काय खायचंय का? पर न्हाई, ह्येंला त्येच पायजे."

झालं! आप्पांनी हट्टच धरला. एक डोळा फसला तेवढा बास, दुसऱ्याला हात लावू देणार नाही. मी त्यांना समजावून दमले. वर धुरळा आहे, पण खालच्या उजेडाने तो पुसला जातो. संतोषचे बल्ब आहेत, शेजारच्यांचे आहेत, हायवेचे ढाबे आहेत, गळीत सुरू असल्याने साखर कारखाना रात्रभर लखलखतोय, आणि वायव्येला रांजणगावच्या कंपन्यांचा केशरी उजेड तर ढगालाही रंग चढवतोय. आप्पा शांतपणे ऐकायचे. मग म्हणायचे, "आभाळ केवढं, आन् बल्ब केवढा? बल्ब खाली लावल्यात, त्येंचा उजेड खाली पडतोय. वरच्याला काय त्येचं?" पंचवीस-तीस पोरांच्या वर्गाला मी प्रकाशाचं विखुरणं समजावून देते, पण या एका प्रश्नापुढे मी हात टेकले.

संतोषने एका संध्याकाळी आप्पांसाठी स्वतःच्या प्लॉटचे बल्ब लावलेच नाहीत. फरक पडायला शेजारचेही विझायला हवे होते, आणि शेजाऱ्याला काय म्हणून सांगणार? आप्पांनी वर बघितलं, आमच्याकडे बघितलं, "लाव रं बाबा," म्हणाले आणि जेवायला बसले. डॉक्टरबाईंचा फोन येऊन गेला. एव्हाना डाव्या डोळ्याने आप्पांना समोरचा माणूस म्हणजे नुसती सावली दिसत होती.

मग मी ठरवलं की आप्पांना अंधार दाखवायचा. खरा अंधार एकदा सापडला, त्यांना तिथे नेऊन बसवलं आणि धुरळा दिसला, की विषय संपला. घाई दोन्हीकडून होती. एक तर डोळा थांबणार नव्हता. दुसरं, थंडीतली आकाशगंगा मुळात फिकी असते, आणि तिचा त्यातल्या त्यात उजळ भाग पश्चिमेकडे रोज थोडा थोडा लवकर बुडत जातो. चंद्र आडवा यायच्या आत, अमावास्येच्या मागच्यापुढच्या दिवसांत, संध्याकाळी जेवढं होईल तेवढं. आप्पांना वाऱ्याधुळीत फिरवायची सोय नव्हती, म्हणून जागा आधी आम्ही दोघांनी शोधायची असं ठरलं. आम्ही दोघं म्हणजे मी आणि माझा नवरा विलास. तो रांजणगावला एका कंपनीत आहे. तेव्हा त्याची फर्स्ट शिफ्ट चालू होती. दिवस मावळला की मी डोक्याला स्कार्फ बांधायचा, त्याने गाडी काढायची. विलासची परीक्षा सोपी होती. हात लांब करायचा. बोटं मोजता आली की जागा बाद.

आधी आम्ही घोडनदीच्या काठाला उतरलो. पाण्यात पुलावरचे दिवे लांबच्या लांब पसरलेले, आणि वळणावरच्या प्रत्येक ट्रकचा झोत आमच्या अंगावरून जायचा. तरी जरा बसलो. तेवढ्यात वरून जाणारा एक दुचाकीवाला थांबला. गाडी बंद पडली का म्हणून त्याने विचारलं, आणि आमचं काही सापडत नसावं असं समजून हेडलाईट आमच्यावर धरून उभा राहिला. आम्ही उठून वर येईपर्यंत बिचाऱ्याने झोत हलवला नाही.

पुढच्या वेळी आम्ही एका टेकडीवर गेलो. वर म्हसोबाचं देऊळ, खाली जोंधळ्याची रानं, वस्ती लांब. पायरीवर बसलो आणि खरंच बऱ्यापैकी चांदण्या दिसायला लागल्या. एवढ्यात देवळामागून गुरव आला. "कोन पाव्हणं? अंधारात का बसलाय?"

"काही नाही, चांदण्या बघतोय," विलास म्हणाला.

"आरं मंग सांगायचं न्हाई व्हय!" असं म्हणत तो लगबगीने आत गेला आणि त्याने देवळावरचे दोन्ही हॅलोजन लावले. "आता बगा निवांत. ग्रामपंचायतीनं नवंच बशिवल्यात." त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून बंद करा म्हणायची माझी छाती झाली नाही. त्याने आणलेला चहा घेतला, देवाच्या पाया पडलो आणि खाली उतरलो. गाडीवर विलास म्हणाला, "आपल्या तालुक्यात माणसं फार चांगली आहेत, हीच अडचण आहे."

आणि खोटं नव्हतं ते. आमच्याकडे पाहुण्याला अंधारात बसवत नाहीत. दारात कुणी आलं की पाण्याच्या तांब्याच्याही आधी ओसरीवरचा दिवा लागतो. त्या हिवाळ्यात आम्ही जिथे जिथे गेलो तिथे तिथे कुणीतरी मायेने बॅटरी मारली, मोबाईल उजळला, बल्बची वायर ओढून आणली. उसातल्या एका कॅनॉलवर अंधार मिळाला होता, अगदी हात न दिसण्याइतका. पण दहा मिनिटांत वस्तीवरची एक बाई काठी आपटत आली आणि तिने आमची जी काय खरडपट्टी काढली! "मरायचंय व्हय तुमास्नी? परवाच आमची कालवड वडून न्हेली बिबट्यानं. शिकल्याली मान्सं ना तुमी?" तिच्या वस्तीच्या तोंडाला नवा खांब होता, त्यावर मोठा पांढरा दिवा. त्या दिव्याच्या उजेडात तिने आम्हाला रस्त्यापर्यंत आणून सोडलं. जाताना म्हणाली, "ह्यो दिवा आल्यापास्नं पोरी क्लासला जात्यात. त्येच्या आधी दिस मावळायच्या आत दार लावायचो."

त्या पोरींतल्या दोघी माझ्याच शाळेत होत्या. खांब बसवायचा की नाही म्हणून ग्रामसभेत विचारलं असतं, तर पहिला हात मीच वर केला असता. मला अंधाराचं कौतुक सांगायचं नाही. आमच्या लहानपणी अंधार मुबलक होता आणि आम्ही त्याला शिव्याच घालत होतो. चुलत्यांना अंधारातच पान लागलं. साप चावला असं आमच्याकडे म्हणत नाहीत. दहावीचा अभ्यास मी कंदिलाजवळ नाक नेऊन केला आणि भुवया जाळून घेतल्या. गावात लाईट टिकायला लागली तेव्हा आईने खांबाला हळदीकुंकू लावलं होतं. पण उजेड आत येताना दुसरं काही बाहेर जातंय, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. विहिरीचं पाणी आटलं की कळतं, चिमण्या कमी झाल्या तरी माणूस हळहळतो. वरचा एवढा मोठा पट्टा गेला, तर कुणी जेवताना साधा विषयही काढला नाही. मी भूगोलाची मास्तरीण, आणि तो नेमका कोणत्या वर्षी दिसायचा थांबला हे मलाही सांगता येत नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

अमावास्या तोंडावर आली तेव्हा विलासच्या कंपनीतला एक मित्र म्हणाला, "आमच्या गेनूमामाच्या वस्तीवर जा. लई अंधार हाय तिथं." दौंडच्या बाजूला, रस्त्यापासून आत, उघड्या माळावर ही वस्ती. मामांची मागली पिढी मेंढरं घेऊन कोकणात उतरायची. आता मामा कांदा आणि गहू करतात, दारात थोडी शेरडं असतात. रांजणगावच्या अंगाला एक बुटका डोंगर आडवा पडलेला, त्याने तिकडचा उजेड झाकलेला. आम्ही पोहोचलो आणि गाडीचा दिवा बंद केला, तर मला शेजारी उभा असलेला विलास दिसेना. मग वर बघितलं. फिका होता, पण होता. पश्चिमेकडून निघून उत्तरेच्या अंगाने वर चढलेला आणि पूर्वेला उतरलेला, लहानपणी बांधावरून बघितलेला धुरळा. मला रडू आलं, आणि अंधारामुळे ते कुणाला दिसलं नाही.

विलासचा आनंद मात्र त्याच्या पोटात मावत नव्हता. चहा घेताना तो मामींना म्हणाला, "मामी, तुमची वस्ती काय झकास अंधारी आहे हो!"

मामींचा हात थांबला. "थट्टा करता व्हय पाव्हणं?"

मग मामांनी सांगितलं. वस्तीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. त्या एका डीपीवर माळावरच्या सगळ्या विहिरींच्या मोटरी चालायच्या. आठवडा होऊन गेला, लाईट नाही, मोटर नाही, कांदा माना टाकायला लागलेला. आम्ही ज्याला सोन्यासारखी जागा समजत होतो, ते या लोकांवर आलेलं संकट होतं. विलासने ओशाळून कप खाली ठेवला.

"नवी डीपी कधी येणार मामा?" मी विचारलं.

"उंद्या-परवा यील म्हनत्यात."

हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात आलं ते एवढंच, की उद्या नको, परवा येऊ दे. समोर मामी चुलीच्या उजेडात बसल्या होत्या, त्यांच्या कांद्याची पात बाहेर पिवळी पडत होती आणि मी त्यांच्या घरी चहा पीत असं मागत होते. माणूस स्वतःच्या माणसासाठी किती हलकं मागणं मागू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. तरी मी ते मागितलंच, आणि उद्या वडिलांना घेऊन येते असं सांगून निघाले.

आप्पा सहजासहजी थोडेच तयार होणार! "दुसऱ्याच्या रानात जाऊन आभाळ बघायचं? तिथलं आभाळ काय येगळं हाय?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. शेवटी आईने त्यांच्या डोक्याला मफलर गुंडाळला आणि संतोषने त्यांना पिकअपमध्ये पुढे बसवलं. आम्ही दोघं मागून गाडीवर. दिवस नुकता मावळून गेला होता. माळावर पोहोचलो तेव्हा वस्ती अजून काळोखातच होती. मी मनात सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच मला मामींकडे बघवेना.

मामांनी अंगणात बाज टाकली, वर घोंगडी. "पाव्हण्यास्नी काळोख पायजे म्हनं," असं हसत मामींनी चुलीपुढे पत्रा उभा केला. आप्पा उताणे झाले. "काय न्हाई गं, काळंच हाय समदं," म्हणाले.

"थांबा जरा. डोळ्याला सवय होऊ द्या."

शेरडं अंग घासत होती, लांब कुठेतरी उसाच्या ट्रॅक्टरवर गाणं वाजत होतं. मी बाजेच्या कडेवर हात ठेवून बसले होते. आप्पा सुरुवातीला सारखी कूस बदलत होते. मग ते हलायचे थांबले. त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. मग तो काढून उजव्यावर ठेवला, आणि परत डाव्यावर. त्यांच्या नाकातून जोरात श्वास सुटला.

"दिसला?" मी विचारलं.

"व्हय."

"धुरळाच ना?"

"त्योच की. हितनं तिथवर." त्यांनी हाताने दाखवलं, आणि बरोबर दाखवलं. माझ्या अंगात लहान पोरीसारखा आनंद भरला. मी जिंकले होते. "बघा! मी तुम्हाला काय सांगत होते? डोळा एकदम चांगला आहे तुमचा. डॉक्टरबाईंना उगीच बोल लावत होतात. आता दुसरा करून घ्यायचा, चालेल ना?"

आप्पा अजून वरच बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "मंग आपल्या रानात का दिसत न्हाई?"

"सांगितलं ना आप्पा. उजेड झालाय तिथे."

"आन् गावात?"

"गावातही."

"म्हंजी आता तिथं न्हाईच."

"आहे हो. आहे, पण दिसत नाही."

"दिसत न्हाई म्हंजी न्हाईच की पोरी." ते उठून बसले. संतोष त्यांना आधार द्यायला पुढे झाला, तर त्यांनी त्याचा हात नुसता धरून ठेवला. "मला वाटायचं, माझाच डोळा गेलाय. वर समदं हाय जिथल्या तिथं. पोरं बघत असतील, नातवंडं बघत असतील. म्या एकटाच आंधळा." मग कुणाकडेच न बघता ते म्हणाले, "डोळाच बिघडला असता तर बरं झालं असतं गं. माझ्या एकट्याचंच गेलं असतं."

मामींनी पत्रा बाजूला करून चहा गाळला. निघताना आप्पांनी मामांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "डीपी लवकर यिऊ द्या तुमची." ते मनापासून म्हणाले, कांदेवालाच तो. दुसऱ्या दिवशी दुपारी डीपी आलीही, असं विलासच्या मित्राने सांगितलं. त्यानंतर आम्ही तिकडे कधी गेलो नाही. माळावर आता मामांच्या नातवाने पोल्ट्री टाकलीय, म्हणजे तिथेही रात्रभर दिवे असणार.

परत येताना गावाच्या अलीकडून प्लॉट दिसायला लागले. आमच्या रानाशी संतोषने पिकअप थांबवली. वहिनीने वेळेवर बल्ब लावलेले होते, शेवंतीचं पान न् पान दिसत होतं. संतोषने हळूच विचारलं, "आप्पा, बंद करू का आजच्या दिस?"

"नगं," आप्पा म्हणाले. "कळी धरंल."

आता आप्पांचं चांगलं चाललं आहे. आईला सुईत दोरा ओवून देतात. पेपरातल्या बारीक जाहिराती मोठ्याने वाचतात, निवडणुकीत उभ्या राहणाऱ्यांची नावं पाठ करतात, एसटीची पाटी सगळ्यांच्या आधी त्यांनाच दिसते. दिवेलागणीनंतर मात्र ते अंगणात जात नाहीत. बाज उन्हाळ्यातही पडवीत, पत्र्याखाली. आई म्हणते, बरंच झालं, थंडी बाधत नाही. मी माहेरी गेले की त्यांच्याशेजारी बसते, इकडचं तिकडचं बोलते, आणि त्या विषयाच्या आसपास आम्ही दोघंही फिरकत नाही. मी काही चुकीचं केलं असं मला वाटत नाही. परत तशी वेळ आली तर परत गाडी काढीन, परत अंधार शोधीन, कारण तो डोळा वाचायलाच हवा होता. तरीही मी त्यांना नजर परत दिली आणि त्यांच्या रानावरचं आभाळ काढून घेतलं, हे मनातून जात नाही. ऑपरेशनच्या आधी त्यांना जेवढं आभाळ होतं, तेवढं आता आमच्या गावात कुणालाच नाही.

दुसऱ्या डोळ्याला त्यांनी मग काही खळखळ केली नाही. मुकाट्याने आले, मुकाट्याने टेबलावर निजले. पट्टी सुटली त्या सकाळी डॉक्टरबाई उत्साहात होत्या. इतका पिकलेला मोतीबिंदू इतका सुरेख निघाला म्हणून त्या स्वतःवरच खूश होत्या. आप्पांनी दोन्ही डोळे उघडले. खोलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे बघितलं.

"काय आजोबा, दिसतंय ना आता सगळं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"दिसतंय की," आप्पा म्हणाले. "जेवढं ऱ्हायलंय, तेवढं समदं दिसतंय."